केंद्राचा अंमल

चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकांतून समतोलाचे जे प्रकार सांगितलेले असतात, त्यांत मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना सारखी मांडणी करणारा सममित समतोल आणि लहानमोठ्या आकारांना कमीजास्त अंतरांवर ठेवून साधलेला असममित समतोल यांची सविस्तर हकीकत झाल्यावर, बहुधा प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात, अरीय समतोलाची बोळवण केलेली आढळते: एक केंद्र, त्यातून सर्व दिशांना निघणाऱ्या रेषा, आणि उदाहरणादाखल कमळ, तारामासा व अंगणातली रांगोळी. ही व्याख्या चुकीची नाही. परंतु ती वाचून विद्यार्थ्याची अशी समजूत होते की एक पाकळी नीट काढता आली म्हणजे उरलेल्या साती पाकळ्यांची केवळ नक्कल करावयाची आहे, आणि कंपास व पट्टी ज्याच्या दप्तरात आहेत त्याला हा समतोल जणू सनदेने बहाल झालेला आहे. माझे मत याच्या उलट आहे. केंद्राभोवती रचलेल्या चित्रात नजरेला जितके श्रम पडतात तितके अन्य कोणत्याही रचनेत पडत नाहीत, आणि याचा प्रत्यय घेण्यास कात्री, रंगीत कागद व खळ यांच्यापेक्षा सोयीचे साधन मला ठाऊक नाही.

कागदाची घडी घालून जाळी कापण्याचा खेळ आपल्याकडील मुलांना निराळा शिकवावा लागत नाही. चौरस घोटीव कागदाची लागोपाठ तीन वेळा अर्धी घडी घातली की आठ पदर होतात, त्या पदरांना एकदा कात्री लावली की उलगडल्यावर तोच काप आठ ठिकाणी उमटतो. आणि सहा टोकांचा तारा हवा असेल तर पहिल्या घडीनंतर साठ-साठ अंशांचे तीन भाग पाडावे लागतात, इतकाच काय तो तपशील. येथे केंद्र घडीतून मिळते, समतोलही घडीतूनच मिळतो, आणि कापणाऱ्यावर कसलाही निवाडा देण्याचा प्रसंग येत नाही. पदर सोळाच्या पुढे गेले म्हणजे मात्र आतला कागद किंचित सरकतो, काप थोडे लहानमोठे होतात, आणि मला विचाराल तर त्या जाळीत जो काही जीव येतो तो या सरकण्यामुळेच येतो.

पोलंडच्या खेड्यांतून एकोणिसाव्या शतकात भरास आलेल्या विचिनान्की नावाच्या कागदकामात घडीची वाट आणि हाताने तुकडे रचण्याची वाट या दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या अवजड कातरीने तेथील बायका इतके नाजूक काम करीत की पाहणाऱ्याने त्या हत्याराकडे पुन्हा एकदा पाहावे. कुर्प्ये मुलखातील वर्तुळाकार तारे घडी घातलेल्या एकरंगी कागदातून निघतात; वोविच परगण्यात मात्र कापलेल्या आकारावर दुसऱ्या रंगाचा, त्यावर तिसऱ्या रंगाचा तुकडा चिकटवीत जाण्याची चाल पडली. मूळ आकार घडीतून निघालेला असला तरी त्यावर चढणारा प्रत्येक थर हाताने जागेवर ठेवावा लागतो, आणि ज्या क्षणी हात ठेवतो त्या क्षणी घडीचा अंमल संपून डोळ्याचा अंमल सुरू होतो.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील एक मुलगी रेखाकला परीक्षेच्या तयारीसाठी वर्तुळातील संकल्पचित्र रंगीत कागदांत मांडून पाहत होती. आठ पाने, आठही एकाच साच्याची, आणि सारे कसे निर्दोष व निर्जीव. त्यांतले एक पान काढून तेथे निराळ्या रंगाचा, निराळ्या आकाराचा तुकडा ठेवून पाहा, असे मी सुचवले, तेव्हा तिने अगदी रास्त शंका काढली: “काका, मग हे एका बाजूला कलणार नाही का?”

“कललं तर उचलून दुसरीकडे ठेव. खळ कुठे लावली आहेस अजून?”

मग तासभर ती तुकडे सरकवीत होती, आणि त्या तासात तिला जे उमगले ते सूत्ररूपाने सांगायला मला जमले नसते. केंद्राजवळ बसलेल्या मोठ्या पिवळ्या तुकड्याला परिघापाशी ठेवलेला लहानसा काळा तुकडा सहज तोलून धरतो, जसे जुन्या दांडीच्या काट्यावर टोकाकडे सरकवलेले लहान वजन पोत्याला तोलून धरते. गडद रंग, फाटकी कड, टोकदार आकार आणि केंद्रापासूनचे अंतर या साऱ्यांची नजरेच्या जमाखर्चात निरनिराळी नोंद होते. कागद पाव फेरीने फिरवून पुन्हा पाहावा, डोळे अर्धवट मिटून पाहावे, चार पावले मागे सरून पाहावे. ज्या दिशेने पाहिले असता रचना घसरते त्या दिशेला काहीतरी कमी किंवा जास्त आहे असे खुशाल समजावे. अरीय रचनेची हीच खरी अडचण आहे, की तिला वरची-खालची बाजू नसते आणि त्यामुळे दोष लपवायला कोपराही नसतो.

ही गोष्ट ज्याने सर्वांत मोठ्या मापावर करून दाखवली तो फ्रेंच चित्रकार आंरी मातीस. १९४१ साली पोटाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर चित्रफलकासमोर तासन्‌तास उभे राहणे त्याला अशक्य झाले, तेव्हा नीस शहरातील आपल्या बिऱ्हाडी तो खाटेवर किंवा चाकांच्या खुर्चीत बसून, साहाय्यकांनी गुआश रंगाने रंगवलेले ताव कापू लागला. १९५३ सालची त्याची ‘गोगलगाय’ ही कृती बाजूला सुमारे २.८७ मीटर भरेल एवढी जवळजवळ चौरस आहे, आणि तीत ओबडधोबड रंगीत तुकड्यांखेरीज काही नाही. हिरवा, निळा, काळा, तांबडा, नारिंगी असे ते तुकडे मधल्या अवकाशाभोवती वळण घेत जातात. एकही दुसऱ्यासारखा नाही, एकही सरळ बसलेला नाही, भोवतालची नारिंगी चौकटसुद्धा तुटक आहे, आणि तरीही सारे चित्र आपल्या केंद्राला धरून असते. त्याने प्रथम गोगलगाय हातात धरून तिचे रेखन केले, तिच्या उलगडण्याची आकृती मनात ठरली, आणि मगच कात्री उचलली. तुकडे आधी भिंतीवरच्या कागदावर टाचण्यांनी लावले जात. मातीस खुर्चीतून सांगे आणि साहाय्यक ते सरकवीत. जागा कायम झाल्यावर तिचा खाका पारदर्शी कागदावर उतरवून घेत व मग चिकटवण्याचे काम पॅरिसला होई. चिकटवणे हा येथे अखेरचा दस्तऐवज असतो. चित्र घडते ते त्यापूर्वीच्या सरकवासरकवीत. लंडनच्या टेट संग्रहालयाने ही कृती १९६२ साली विकत घेतली, आणि कोणतेही मूल असे करील हा शेरा तिला तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही. शेरा देणाऱ्याने एकदा कात्री हाती धरावी, एवढेच माझे त्यावर म्हणणे आहे.

मातीसची अखेरची कृतीही वर्तुळाकारच निघाली. न्यूयॉर्क राज्यातील पोकँटिको हिल्स येथील चर्चसाठी, ॲबी आल्ड्रिच रॉकफेलर यांच्या स्मरणार्थ, रंगीत काचेच्या गोल गवाक्षाचा नमुना त्याने कापलेल्या कागदांत तयार केला. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी तो वारला आणि गवाक्ष १९५६ साली बसवले गेले. ‘गोगलगायी’च्या मानाने ते मला संयत वाटते. ज्या गवाक्षाची चौकट आधीच ठरलेली आहे त्यात हाताला मोकळीक कितीशी असणार?

आता हे सारे परदेशी नवल आहे असे कोणी समजू नये. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात मान वर करून छताकडे पाहिले असता वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ अशी जी भव्य रचना दिसते, तिच्या परिघांची शिस्त कडक आहे. पण त्या शिस्तीच्या आत फुले, वेली व पक्षी हाताने रंगवलेले आहेत, आणि तेथील हंसांच्या मालिकेत कोणाची मान वळलेली, कोणाचे पंख पसरलेले, असे प्रत्येकाचे चालणे निराळे आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराला एकच हंस छापासारखा फिरवून लावणे अशक्य नव्हते. त्याने ते केले नाही. आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी सुंदर असते हे मान्य करूनही मला असे वाटते की तिचा समतोल ठिपक्यांनी आधीच मंजूर करून दिलेला असतो, आणि हंसांचा मात्र त्या कलावंताला एकेका हंसागणिक मिळवावा लागला.

म्हणून शाळांतील चित्रकलेच्या शिक्षकांकडे माझा एक अर्ज आहे. नक्षीकामाच्या एखाद्या तासाला कंपास व पट्टी दप्तरातच राहू द्यावीत, मुलांना घोटीव कागदाचे चार रंगांचे ताव, बोथट टोकाची कात्री आणि मधोमध एकच ठिपका असलेला पांढरा कागद द्यावा, घडी घालण्यास मनाई करावी, आणि खळीची वाटी तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत कपाटातून बाहेर काढू नये.