टाकी फुल करून आणा

पेट्रोल पंप-मोटरचं काम असलं की आपण गिऱ्हाइकाला फोनवर पहिली गोष्ट सांगतो, ‘येताना टाकी रिकामी करून आणा.’ त्यात चूक काहीच नाही. तीस-चाळीस लिटर पेट्रोलसकट टाकी उतरवायची हौस कोणाला आहे? गाडी येते तेव्हा काटा तळाला टेकलेला असतो. मोटर निघते, सील बदलतं, इंजिन दहा मिनिटं चालवून पाहतो, कुठे थेंब नाही, जॉब कार्डावर ‘ओके’ पडतं. मग शनिवारी मालक गावी निघायचं म्हणून टाकी गच्च भरतो आणि रविवारी सकाळी आपला फोन वाजतो: गाडीत पेट्रोलचा वास येतोय.

गेल्या काही महिन्यांत भोसरी, मोशी, तळवडे या भागातल्या गॅरेजवाल्यांशी बोलताना हीच गोष्ट वेगवेगळ्या गाड्यांच्या नावांनी कानावर आली. त्यातल्या काही गाड्यांचं रिकॉलचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कधीच होऊन गेलेलं. आणि नेमकं तिथेच आपण फसतो. ‘रिकॉल झालंय ना, मग तो भाग चांगलाच असणार,’ असं म्हणून हात पुढच्या भागाकडे जातो.

जुन्या रिकॉलच्या घोषणा पुन्हा काढून वाचाव्यात. फेब्रुवारी 2010 मध्ये मारुती सुझुकीने सुमारे 1 लाख ए-स्टार गाड्या परत बोलावल्या. कारण फ्युएल पंपाचं गॅस्केट. टाकी तोंडापर्यंत भरली तर तिथून पेट्रोल पाझरण्याची शक्यता होती. एप्रिल 2014 मध्ये त्याच कंपनीच्या स्विफ्ट, डिझायर आणि एर्टिगा मिळून 1,03,311 गाड्यांचं टाकीत पेट्रोल उतरणारं नळकांडं, म्हणजे फिलर नेक, बदलायला घेतलं. त्या गाड्या 12 नोव्हेंबर 2013 ते 4 फेब्रुवारी 2014 या काळात बनलेल्या होत्या. तिथेही अट तीच. नोझल आपोआप बंद पडल्यावर वर आणखी भरलं, तर वास आणि क्वचित गळती. दोन्ही दोष भरलेल्या टाकीतच तोंड उघडणारे, आणि आपण ते तपासतो रिकाम्या टाकीवर.

पंपावर काय घडतं ते वेगळं सांगायला नको. नोझल ‘टक’ करून थांबतं आणि पोरगा विचारतो, ‘साहेब, राउंड फिगर करू?’ साहेब मान डोलावतात. नोझल थांबतं ते वाफेला जागा उरावी म्हणून. पेट्रोल एक अंश तापलं की हजारातला जवळपास एक भाग फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल चाळीस लिटर भरलं आणि गाडी उन्हात उभी राहून ते वीस अंशांनी तापलं, तर पाऊण लिटर जास्तीचं झालं. त्याला जायला जागा हवी. ती नसली की ते सगळ्यात कमजोर सांधा शोधतं.

रिकॉलमध्ये बदललं गेलेलं सीलही आता म्हातारं झालंय, हे आपण विसरतो. 2010 मध्ये बसवलेल्या रबराला पंधरा उन्हाळे होऊन गेले. शिवाय रिकॉल हा एका भागापुरता आणि ठरावीक मुदतीत बनलेल्या गाड्यांपुरता असतो. वॅगन-आरचा ऑगस्ट 2019 चा रिकॉल 40,618 गाड्यांचा होता आणि त्यात मुद्दा होता फ्युएल होज धातूच्या क्लॅम्पला घासण्याचा. होज पाहिला म्हणजे टाकीचा माथा पाहिला असं होत नाही. हे सर्व्हिस सेंटरला दोष देण्यासाठी लिहीत नाही. त्यांना सांगितलं तेवढं त्यांनी केलं. बाकीची गाडी तेव्हा नवी होती.

आता जरा आपल्या बाजूचं. पंपाच्या तोंडावरचं सील पेट्रोलमध्ये भिजून फुगतं. एकदा काढलं की खाचेत बसत नाही. मग आपल्यातले काही जण ते उन्हात वाळत घालतात, आवळलं की परत चढवतात. हा उद्योग मी स्वतः शिकाऊ असताना केलाय, आणि तेव्हा तो हुशारीचा वाटला होता. वाळलेलं रबर मापात आलं तरी त्याचा दाब धरायचा जोर गेलेला असतो. काढलेलं सील परत बसवायचं नाही, यावर चर्चा नको. लॉक रिंग छन्नी-हातोडीने ठोकून आवळण्याचंही तेच. रिंग वाकली की सील एका बाजूला दबतं, दुसऱ्या बाजूला मोकळं राहतं. लाल सिलिकॉन तर पेट्रोलमध्ये टिकतच नाही, सुटून त्याचे तुकडे टाकीत पडतात.

पाइपाची गोष्ट अधिक खटकणारी. गाड्यांचे होज, सील, क्लिपा बनवणारे कारखाने आपल्या शेजारच्या गल्लीत आहेत, आणि आपण मीटरवर मिळणारी, कसलीही खूण नसलेली काळी नळी इंजेक्शनच्या गाडीला लावतो. कार्ब्युरेटरच्या काळात ते खपलं. आता त्या पाइपात तीन-चार बार दाब असतो. पाइपावर एसएई जे-30 आर-9 किंवा त्या तोडीची खूण नसेल तर घेऊ नका. दात्यांचा स्क्रू-क्लॅम्प रबर कापतो, तिथे गुळगुळीत कडेचा इंजेक्शन क्लॅम्पच हवा. डिझेल कॉमन रेलवाल्यांनी यातलं काहीच आपल्याला लागू धरू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो. गळती बोट फिरवून शोधायची नाही, पुठ्ठा धरायचा. ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते.

हल्ली प्रत्येक गळतीचं खापर इथेनॉलवर फुटतं. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या वीस टक्के मिश्रणाला चालणाऱ्या रबर-प्लास्टिकच्या बनू लागल्या, त्याआधीच्या सगळ्याच तशा नव्हत्या, हे खरं. जुन्या रबराला त्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून सुटा भाग घेताना तो वीस टक्क्यांना चालतो का हे विचारून घ्यावं. पण पंधरा वर्षांचं सील पेट्रोल कुठलंही असलं तरी गेलंच असतं. कारण हातात येण्याआधी इथेनॉलचं नाव घेतलं की शोध तिथेच थांबतो.

वास कधी येतो हे गिऱ्हाइकाला नीट विचारा. टाकी भरल्यावर किंवा वळणावर येत असेल तर टाकीचा माथा, फिलर नेक, वाफेच्या नळ्या. डिसेंबरच्या सकाळी पहिल्या स्टार्टला येऊन मग जात असेल तर इंजिनाकडचा कडक झालेला होज किंवा क्विक कनेक्टर, कारण रबर गरम झालं की सांधा पुन्हा धरतो आणि गाडी आपल्याकडे येईपर्यंत कोरडी होते. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर आधी कुरतडलेलं पाहा. हसू नका, हा आपल्या सोसायट्यांमधला रोजचा प्रकार आहे. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पिटमध्ये साचून राहते. वासाची तक्रार असलेली गाडी पिटवर घेऊ नका, हॅलोजनचा हँड लॅम्प खाली नेऊ नका.

कायद्याचा आधार जुन्या गाडीला तोकडा आहे. 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेला मोटार वाहन नियमांतला 127-सी हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांचा विचार करतो. तरीही चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. एमएच-14 ची गाडी तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते आणि रिकॉलचं पत्र पहिल्याच्या जुन्या पत्त्यावर. काम राहिलेलं दिसलं तर तो भाग आपण उघडू नये. फोटो काढून गाडी अधिकृत केंद्राकडे पाठवावी.

काम आपलं असेल तर दुरुस्तीनंतर जवळच्या पंपावर पहिल्या ‘टक’पर्यंत टाकी भरा. गाडी उतारावर, एकदा नाक वर आणि एकदा नाक खाली, उभी करा. काही गाड्यांत पंपाचं तोंड मागच्या सीटखालच्या झाकणातून दिसतं, काहींत खालून आरसा धरावा लागतो. सांध्याभोवती कोरडा टिश्यू फिरवा, रात्रभर मोकळ्या हवेत ठेवा, सकाळी पुन्हा फिरवा. यात गाडीचा एक दिवस जातो, म्हणून बिलात ‘फुल टाकी चाचणी’ अशी वेगळी ओळ लिहा आणि तिचे पैसे घ्या. गिऱ्हाईक विचारेल, हे काय नवीन लावलंत? सकाळचा तो टिश्यू त्याच्या हातात द्या, वास त्यालाच घेऊ द्या.