गोळ्या फेकण्यामागचे कारण

'गरोदर बायका सरकारी लोहाच्या गोळ्या फेकून देतात' हे गेल्या अंकातले पत्र वाचून वाईट वाटले. निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ६० मिलिग्रॅम लोहाची ती लाल गोळी उपाशीपोटी घेतली की अनेकींना मळमळते, शौचाला काळे होते आणि बाई घाबरते. हा रंग लोहामुळेच येतो, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते! मी गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगते. चहा किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. तरीही उलट्या थांबल्या नाहीत, तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. पाकीट हातात देताना एवढे जरूर बोला, ही माझ्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती.

— एक आरोग्यसेविका, नंदुरबार