यंत्रातले खटके

व्हिडिओ गेम हरलात की तुम्ही स्वतःलाच दोष देता ना? जरा थांबा.

जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यात ५५ शत्रू असतात. जसजसे ते मरतात, तसतसे उरलेले वेगाने धावतात. कारण पडद्यावरची चित्रे कमी झाली की यंत्राचे काम हलके होते. निशिकादो यांनी हा वेग मुद्दाम तसाच राहू दिला. खेळ रंगला, शिवाय ही अडचण सर्वांना सारखीच होती. यात मला काही गैर वाटत नाही.

पण अशा अनेक यंत्रांच्या आत छोटे खटके असत. किती 'लाइफ' द्यायच्या, खेळ किती कठीण ठेवायचा, हे मालक त्यांनी ठरवू शके. लहानपणी रत्नागिरीच्या बाजारात एका दुकानात मी रुपया टाकून खेळत असे आणि लगेच हरत असे. माझा हातच कच्चा, असे मित्र म्हणत. खटक्यांची गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या यंत्रातला खटका कुठे होता, देव जाणे!

खेळ कठीण जरूर असावा. पण पैसे घ्यायचे, तर तो किती कठीण ठेवला आहे हे यंत्रावर लिहायला हवे होते. मांडवीच्या किनाऱ्यावरचा चणेवालासुद्धा माप आमच्यासमोर भरत असे.