नकाशा कोणीं काढावा ?

भुलभुलैयांत शिरून वाट चुकण्याची ज्याची तयारी नाहीं, त्यानें भुलभुलैयांत शिरूंच नये. हें विधान इतकें उघड आहे कीं, तें छापण्याचें कारण पडूं नये. परंतु मेजाभोंवतीं बसून खेळावयाच्या ‘रोल-प्लेइंग’ खेळांत अलीकडे जी रीत रुळत चालली आहे, ती पाहतां हें उघड विधानहि पुन्हां मांडावें लागत आहे. ‘नकाशा काढण्याचा खटाटोप बंद करा, फांसा टाका आणि पुढें चला,’ असा हा नवा पक्ष आहे. तो मला साफ चुकीचा वाटतो. त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवतों.

ज्या घरांत हा खेळ अद्याप शिरला नसेल, त्यांच्यासाठीं थोडें प्रास्ताविक. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चारपांच खेळाडू एकेका साहसवीराची भूमिका घेतात व एक जण सूत्रधार होतो. भूमिगत दालनांचा खरा नकाशा सूत्रधारापाशीं पडद्याआड असतो. तो तोंडानें वर्णन करतो आणि खेळाडूंपैकीं एक जण तें चौकटींच्या कागदावर उतरवून घेतो. १९८१ सालच्या, टॉम मोल्डव्हे यांनीं संपादिलेल्या प्राथमिक नियमपुस्तकांत या नकाशाकाराला स्वतंत्र स्थान आहे. त्याच पुस्तकांतला हिशेब पाहावा : एक फेरी म्हणजे दहा मिनिटें, अनोळखी जागीं ओझें नसलेला माणूस एका फेरींत १२० फूट जातो, मशाल सहा फेऱ्यांत विझते, आणि दर दोन फेऱ्यांनीं सूत्रधार सहा बाजूंचा फांसा टाकतो, त्यावर १ पडला कीं भटकें संकट समोर उभें. अर्थात् चुकलेलें प्रत्येक वळण मशालींत मोजलें जातें. नकाशा हें या खेळांतलें खरें धन होतें. सोनें त्या मानानें दुय्यम.

आतां पूर्वपक्ष. तो दुबळा नाहीं. त्याचें पहिलें म्हणणें असें कीं, ‘उत्तरेस तीस फूट, मग पूर्वेस वीस फूट,’ असें तासभर ऐकणें म्हणजे शुद्धलेखनाची शिक्षा होय. एक जण लिहितो आणि बाकीचे जांभया देतात. दुसरें असें कीं, साहसवीर त्या जागीं प्रत्यक्ष उभा आहे. जें त्याला डोळ्यांनीं सहज दिसतें, तें खेळाडूनें कानांनीं कां ताडावें? तिसरें असें कीं, वाट काढणें हेंहि एक कौशल्य आहे. तलवारीचा वार जर फांशावर ठरतो, तर वाटहि फांशावर कां ठरूं नये?

पहिला आक्षेप खरा आहे. पण तो नकाशावर नसून वाईट वर्णनावर आहे. १७३६ सालीं ऑयलर यानें क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडविला, तो पुलांची लांबी मोजून नव्हे. कोणता भाग कोणत्या भागाला जोडला आहे, एवढेंच त्यानें पाहिलें. भुलभुलैयाचेंहि तसेंच आहे. दालन म्हणजे एक वर्तुळ आणि वाट म्हणजे एक रेघ. वर्तुळांत ‘फुटकी मूर्ति’ किंवा ‘पाण्याचा आवाज’ असे दोन शब्द. एवढ्यानें काम भागतें. फुटांचें श्रुतलेखन टाकून द्यावें. त्याबरोबर नकाशाहि टाकून देणें म्हणजे उवांसाठीं डोकें उडविणें होय.

दुसऱ्या आक्षेपाचें उत्तर आपल्याकडील देवगिरीच्या किल्ल्यावर मिळतें. तेथील अंधारी नांवाचा वळणावळणांचा काळोखा मार्ग ज्यानें पाहिला आहे, तो ‘जागेवर उभा असणाऱ्याला सहज दिसतें’ असें म्हणण्यास धजणार नाहीं. शत्रूला दिसूं नये म्हणूनच तो खोदलेला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत चलाख आणि म्हणूनच सर्वांत घातक. तलवारीचा वार फांशावर सोंपवावा लागतो, कारण मेजाशीं बसून तलवार चालवितां येत नाहीं. विचार मात्र करतां येतो ! जें खेळाडूला स्वतः करतां येतें, तेंच फांशाकडे दिलें, तर खेळाडूला उरलें काय ? फांसा सांगतो, ‘तुम्ही दोन तास भटकलां.’ पण भटकलें कोणीच नाहीं. डावीकडे वळावें कीं उजवीकडे, हा प्रश्न कोणाला पडला नाहीं. मशाल विझत आली असतां परतावें कीं पुढें जावें, याचा वाद झाला नाहीं. अभिमन्यूला आंत जाण्याची विद्या होती, बाहेर येण्याची नव्हती; त्या कथेचा सारा कळवळा या एका उणिवेंत आहे. तेथें फांसा टाकून भागलें असतें, तर ती कथा उरली असती काय ?

सूत्रधारावर मात्र याची मोठी जबाबदारी येते. सर्व वाटा सारख्या, सर्व दालनें कोरीं, असा भुलभुलैया रचणें हा आळस आहे. भिंतीला एकच हात लावून चालत राहण्याची जुनी युक्ति साध्या भुलभुलैयांत बाहेर काढते. पण वाटा फिरून एकमेकींस मिळूं लागल्या कीं, ज्या दालनाचा बाहेरच्या भिंतीशीं संबंध नाहीं तेथें ती कधींच पोंचवीत नाहीं. तेथें खुणा कराव्या लागतात. त्रेमोची जी रीत ल्यूकानें १८८२ सालीं प्रसिद्ध केली, ती हीच. जेनेल जॅक्वेज यांच्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ (१९७९) या रचनेंत अशा एकमेकींस मिळणाऱ्या वाटा व एकाहून अधिक प्रवेश आहेत, आणि म्हणूनच ती अद्याप आदर्श मानली जाते. तेथें नकाशा काढणाराला बक्षीस मिळतें : शत्रूच्या पाठीमागून येणारी वाट त्यालाच दिसते.

आतां यंत्राच्या पडद्यावर नकाशा आपोआप उलगडत जातो. तो अचूक असतो, हाच त्याचा दोष. हातानें काढलेल्या नकाशांत चूक असते. दोन रेघा जुळत नाहींत. मग कोणी तरी म्हणतो, ‘येथें चोरदालन असलें पाहिजे,’ किंवा ‘आपण मघां ऐकण्यांत चुकलों.’ हा तर्क, हा पडताळा, हेंच ज्ञान. सूत्रधारानें ती चूक दुरुस्त करूं नये. ती भिंतीला दुरुस्त करूं द्यावी.

हा प्रश्न केवळ खेळाचा असता तर मी लेखणी उचलली नसती. महाविद्यालयांत मूळ ग्रंथाच्या जागीं मार्गदर्शिका येऊन बसल्यास कित्येक वर्षें झालीं. विद्यार्थ्याला उत्तर ठाऊक असतें, पण तें कोठून आलें हें ठाऊक नसतें. प्रश्न किंचित् फिरविला कीं तो अंधारांत उभा राहतो. आयता नकाशा हातीं असणाराची स्थिति नेहमीं अशीच होते. ज्या थोड्या जागीं तरुण मंडळी स्वखुशीनें, गुणांच्या लोभावांचून, न दिसणाऱ्या गोष्टीचें चित्र ऐकीव पुराव्यावरून बांधतात, त्यांपैकीं हें मेज एक आहे. तेथूनहि पेन्सिल काढून घेण्याची घाई कोणीं करूं नये.