डोंगरावर येणारा पाहुणा आणि गावाची शिस्त

भाताची कापणी उरकून खळी झाली आणि आकाश निवळले, की सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या गावांत अलीकडे एक नवी वर्दळ सुरू होते. पाठीवर बोजा घेतलेल्या शहरी तरुण-तरुणींच्या टोळ्या शनिवारी रात्री गावात उतरतात, डोंगर चढतात, तंबू ठोकून मुक्काम करतात आणि रविवारी सायंकाळी परततात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात ही वर्दळ विशेष आढळते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर याच तालुक्यात आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड आणि सांधण दरीही येथेच आहेत. १९८६ साली या डोंगररांगांत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले.

या पाहुण्यांविषयी गावात दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, यांना येऊच देऊ नये. हे कचरा करतात आणि रात्रभर गोंगाट करतात. कोणी म्हणतात, येतील तितके येऊ द्यावेत. चार पैसे मिळतात. ही दोन्ही मते अपुरी आहेत. डोंगर पाहावा, उघड्या आकाशाखाली एक रात्र काढावी, ही इच्छा निर्मळ आहे. तिचा अव्हेर करण्याचे कारण नाही. परंतु पाहुणा कोणाच्या शिस्तीने राहावा, हे गावाने ठरविले पाहिजे. ते गावाने ठरविले नाही, तर बाहेरचा व्यावसायिक ठरवितो, आणि मग डोंगर गावाचा राहूनही मिळकत मात्र परक्याची होते.

पाणी हेच मुख्य

या पट्ट्यात पाऊस अमाप पडतो. पण काळ्या कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो. फाल्गुन-चैत्रात त्याच गावातील स्त्रिया झऱ्याच्या कुंडाशी हंडा भरण्यासाठी ताटकळत बसतात. अशा कुंडाच्या वरच्या अंगास तंबू पडले, तेथेच शौच झाले आणि खरकटी भांडी कुंडात बुडविली गेली, तर त्याचे फळ पाहुण्यास भोगावे लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी निघून जातो. फळ भोगतात ती गावातील लेकरे.

ही गोष्ट डोंगरापुरती राहत नाही. प्रवरेचा उगम रतनगडाच्या परिसरात आहे, मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या कुशीतून निघते. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, आणि त्याच्या पाण्यावर खाली संगमनेर-श्रीरामपूरकडील ऊस उभा आहे. म्हणजे डोंगराची निगा हा सपाटीवरच्या बागायतदाराच्याही हिताचा प्रश्न आहे.

यास्तव मुक्कामाची जागा गावाने नेमून द्यावी. कापणी झालेले खाचर मालकाच्या संमतीने वापरता येते. मात्र तंबूच्या खुंट्या बांधात ठोकू देऊ नयेत. बांध एकदा ढासळला की पुढील आषाढात पाणी ठरत नाही. मुक्काम आणि शौचाची जागा पाण्यापासून निदान दोनशे फूट दूर असावी. शौचालय नसेल तेथे वीतभर खोल खड्डा करून तो मातीने बुजवावा. अभयारण्याच्या हद्दीत राहावयाचे असेल, तर वन खात्याची परवानगी आणि त्या त्या वेळचे नियम यांस पर्याय नाही.

आग आणि उजेड

भातासाठी राब भाजण्याची चाल याच भागात आहे. राब भाजणारा शेतकरी सभोवारचे गवत आधी काढतो, वाऱ्याचा रोख पाहतो आणि विस्तव विझेपर्यंत जागा सोडत नाही. शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्या पाहुण्यास हे भय ठाऊक नसते. तो निखारे तसेच टाकून झोपी जातो, आणि माघ-फाल्गुनात वाळलेल्या गवतास एक ठिणगी पुरे होते. वणव्यात गुरांची वैरण जाते, कारवी जाते, हिरड्याची रोपटी जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा पेटता सोडणे यास मनाई आहे. डोंगरावर शेकोटी नको. स्वयंपाक गावातील चुलीवर व्हावा, हा साधा नियम पुरेसा आहे. मात्र चांगले गवत उगवावे म्हणून गावातीलच कोणी डोंगर पेटवीत असेल, तर पाहुण्यास उपदेश करण्यापूर्वी त्यास आवरावे लागेल.

मृगाच्या आधी भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी झाडे लखलखतात आणि ते पाहण्यास झुंबड उडते. काजव्याचा प्रकाश ही नर-मादीची परस्परांस खूण असते. मोटारींच्या दिव्यांत आणि विजेरीच्या झोतात ती हरवते. काजव्याची अळी जमिनीवरील ओलसर पाल्यात वाढते आणि गोगलगायी खाते, म्हणजे ती शेतकऱ्याचीही मित्र आहे. तो पाला हजारो पायांखाली तुडविला गेला, तर पुढील वर्षी दाखविण्यास काय उरेल? मोटारी गावाबाहेर थांबवाव्यात आणि लोकांस पायवाटेने, लहान गटांत, दिवे मालवून न्यावे.

मिळकत गावात राहावी

येथील शेतकरी एका पावसाळी पिकावर जगतो. कापणीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूस जातात. नेमक्या याच महिन्यांत पाहुणा येतो, ही संधी आहे. परंतु तंबू बाहेरचे, आचारी बाहेरचा, शिधाही बाहेरचा, आणि गावाच्या पदरी केवळ मोटार उभी करण्याचे पैसे, असा व्यवहार झाला तर मजुरीची वाट सुटणार नाही.

पाहुण्यास जेवण गावातील घरांतून मिळावे. नाचणीची भाकरी, वरईचा भात, हुलग्याचे पिठले हे पदार्थ शहरात सहज मिळत नाहीत आणि येथे घरोघरी होतात. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनाबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. जे बियाणे जपले ते पिकवून पाहुण्याच्या ताटात वाढले, तर जुन्या वाणांस गावातच गिऱ्हाईक मिळेल. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. त्याची माहिती ग्रामकार्यकर्त्याने घरोघरी पोहोचवावी.

वाटाड्यावाचून कोणतीही टोळी वर जाऊ नये. चढताना नावे लिहावीत आणि उतरताना ती मोजून घ्यावीत. कोकणकड्याच्या धारेवर धुक्यात वाट चुकली किंवा पावसात सांधण दरीत पाणी भरले, तर प्रथम धावून जातात ती गावातीलच मुले. ज्यांना असा जीव धोक्यात घालावा लागतो, त्यांना वाटाड्याची रास्त मजुरी मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आरंभ कोठून करावा

हे सारे एका ग्रामसभेत ठरू शकते. मुक्कामाच्या जागा, वाटाड्यांची पाळी, जेवणाचे दर आणि कचरा परत नेण्याची अट, एवढे चार ठराव पुरेत. ते ठळक अक्षरांत गावाच्या वेशीवर लावावेत. जमा होणाऱ्या रकमेतील काही वाटा झऱ्याच्या कुंडाची डागडुजी आणि वणवा रोखण्याच्या जाळरेषा यांसाठी वेगळा ठेवावा. गावातील दुकानदारानेही बाटल्या आणि वेष्टने परत घेण्याची जबाबदारी पत्करावी. शिस्त केवळ परक्यासाठी नसते.

पाहुण्यास डोंगर एका रात्रीचा असतो, गावास तो जन्माचा असतो. घरी आलेल्या पाहुण्यास बसण्याची जागा घरधनी दाखवितो. त्यात पाहुण्याचा अपमान नाही, घराची अब्रू आहे. डोंगराच्या बाबतीतही गावाने हाच घरधन्याचा अधिकार आता बजावला पाहिजे.