अंतर ठरवणारे कोण?

खडी-मातीच्या रस्त्यांवरच्या सायकल शर्यतीचं पहिलं जागतिक अजिंक्यपद २०२२ साली इटलीत झालं. पुरुषांना १९४ किलोमीटर, बायकांना १४०! का? तर म्हणे, झेपायचं नाही. वस्त्यांमध्ये काम करताना ही 'काळजी' मी रोज ऐकते.

याच इटलीत १९२४ साली शेतकऱ्याघरची आल्फोन्सिना स्त्रादा 'जिरो द इटालिया'त पुरुषांबरोबर उतरली. कच्चे रस्ते, अपेनाईनचे घाट, एकूण ३,६१३ किलोमीटर. एका टप्प्यात वेळेची मर्यादा ओलांडली म्हणून तिला स्पर्धेबाहेर काढलं. तरीही ती शेवटपर्यंत सायकल चालवत मिलानला पोचली. नव्वदच्या आसपास पुरुष निघाले होते, पोचले फक्त ३०. आणि तिला बक्षीस काय? पुढच्या वर्षी प्रवेशच नाकारला!

त्याच काळात पो नदीच्या खोऱ्यात, पाणथळ भातखाचरांत, बायका दिवसभर वाकून तण काढत होत्या. तिथे नाही कुणाला त्यांच्या नाजूकपणाची आठवण झाली. कष्टाला मर्यादा नाही, मर्यादा फक्त मानाला.

म्हणून सवलत नको. अंतर सारखं ठेवा. झेपतं की नाही, ते आमचं आम्ही ठरवू.