बोट म्हणजे शेगडा नव्हे!



कानस हातात घेण्याआधी वस्तू शेगड्यात पक्की धरावी लागते, हे परळ, माटुंगा किंवा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या आणि टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधल्या फिटरला शिकवावे लागत नाही. शेगडा कोपराच्या उंचीला हवा. वस्तू जबड्यांच्या वर जेमतेम हवी. जास्त वर राहिली की ती थरथरते, चिरकते आणि माप बिघडते.

बंदुकीचा चाप, घोडा आणि घोडा अडवून धरणारा खटका यांचे काम तर आणखी नाजूक. शेगड्याच्या दातेरी पोलादी जबड्यांत ते तसेच आवळले तर ओरखडे उठतात. म्हणून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे मऊ व्हाइस क्लॅम्प लावतात, पातळ भाग लाकडी ठोकळ्यावर बसवतात, अगदी बारीक भाग हातशेगड्यात धरतात. खटक्याची कड तिरपी घासली गेली तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. अशा कामाला 'नुसती घासाघीस' म्हणणाऱ्या साहेबाने एकदा आठ तास कानस मारून पाहावी!

हे कसब कोणी सांभाळले? सरकारी आयुध कारखान्यांतील कायम कामगाराने आणि त्याच्या युनियनने. दिल्लीजवळ गाझियाबाद जिल्ह्यातला मुरादनगरचा आयुध कारखाना 1943चा. तिथे रायफली बनत नाहीत, पोलादाचे ओतकाम होते. पण फिटरची शिस्त तीच. 2001 साली संरक्षण उत्पादनाची दारे खासगी भांडवलाला उघडली. 1 ऑक्टोबर 2021 रोजी 41 आयुध कारखाने मोडून सात कंपन्या केल्या. मुरादनगर आणि आपले भुसावळ, अंबाझरी, अंबरनाथ 'यंत्र इंडिया'त गेले. कामगारांनी संपाची हाक दिली, तर सरकारने 30 जून 2021 रोजी संपबंदीचा वटहुकूम काढला. मे 1974 पाहिलेल्या रेल्वे कामगाराला ही चाल नवी नाही.

आता कंपनीला नफा दाखवायचा आहे. सुटे भाग बाहेरून स्वस्त करून घ्या, हा त्याचा सोपा मार्ग. बाहेर म्हणजे कुठे? मुरादनगरहून दिल्ली ओलांडून फरिदाबाद, गुडगाव, मानेसरला जा. मोटारींच्या सुट्या भागांच्या तिथल्या कारखान्यांत काय चालते ते 'सेफ इन इंडिया' ही संस्था 2019 पासून आपल्या अहवालांतून मांडत आहे. पॉवर प्रेसखाली कामगारांची बोटे चिरडतात. त्यांत बहुतेक परप्रांतातून आलेले, कंत्राटी, तरुण. हेल्पर म्हणून घेतलेल्या पोराला प्रेसवर उभे केले जाते. अनेकांना ईएसआयचे कार्ड मिळते ते अपघातानंतर!

प्रेसमध्ये भाग ठेवायला फिक्स्चर नाही, म्हणून तो बोटांनी ठेवायचा. ड्रिलखाली क्लॅम्प नाही, म्हणून हाताने दाबून धरायचा. मालकाने वाचवलेल्या शेगड्याचे काम कामगाराच्या बोटांनी करायचे, हा त्याचा सरळ अर्थ आहे. मालक म्हणतो, कामगार निष्काळजी असतो. असे असेल तर तोच कामगार फिक्स्चर आणि सुरक्षा सेन्सर असलेल्या यंत्रावर दहा बोटे शाबूत ठेवून घरी कसा जातो?

कायद्याने आधार द्यावा, तर तोही सैल केला. 1948च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणारा, 10 कामगारांचा उद्योग कारखाना ठरत असे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू केलेल्या नव्या संहितेत तो आकडा 20 झाला. बारीक भाग घासणाऱ्या, भोके पाडणाऱ्या कितीतरी शेड 20च्या आतल्याच असतात. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच 'कारखाना' नाही!

रेल्वे आणि टपाल कामगारांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या स्टोअरमध्ये येणारे सुटे भागही बाहेरच्या पुरवठादारांकडूनच येतात. शिवाय आज त्यांच्या कामाचे केले ते उद्या आपल्या वर्कशॉपचे होणार आहे. म्हणून प्रत्येक शाखेने या मागण्या ठरावाने पाठवाव्यात :

1. सरकारी खरेदीच्या प्रत्येक करारात यंत्रावर फिक्स्चर, क्लॅम्प आणि सुरक्षा कवच सक्तीचे करा.
2. शिक्षण न दिलेल्या हेल्परला व अप्रेंटिसला प्रेसवर उभे करू नका.
3. पहिल्या दिवसापासून ईएसआय नोंदणी करा. मूळ मालकाला जबाबदार धरा.
4. कारखान्याच्या व्याख्येत 10चा आकडा परत आणा.

शेगडा बाजारात विकत मिळतो, तुटलेले बोट मिळत नाही. हा साधा हिशेब मालकांना आणि सरकारला समजत नसेल, तर तो संघटनेच्या ताकदीने समजावून द्यावा लागेल. कामगार एकजुटीचा विजय असो!